दार बाहेरून लागतं तेव्हा

(खारघर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



सोडतीत सहलीचं बक्षीस लागलेली सात माणसं विमानात बसतात. वाटेत बिघाड होतो आणि विमान एका अनोळखी किनाऱ्यावर उतरतं. प्रवासी पाय मोकळे करायला खाली येतात, त्यांच्याबरोबर विमानातला एक कर्मचारीही असतो. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत विमान उडून जातं. सामान खाली, माणसं खाली, विमान आकाशात. चालत चालत ती एका बंगल्यापाशी पोहोचतात. तिथला खानसामा जणू त्यांचीच वाट पाहत असतो. त्यानंतर एकेक माणूस मरायला लागतं.

सभागृहातल्या अनेकांनी एव्हाना ओळखलं असेल. १९६५ सालचा 'गुमनाम'. नंदा, मनोजकुमार, प्राण, हेलन, मेहमूद, धुमाळ, मदन पुरी, तरुण बोस. संगीत शंकर-जयकिशन यांचं. लताबाईंच्या आवाजातलं त्याचं शीर्षकगीत आजही रात्री एकट्यानं ऐकवत नाही. या चित्रपटाचे दिग्दर्शक एक मराठी गृहस्थ होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव राजा नवाथे. राज कपूरच्या कंपनीसाठी १९५३ साली 'आह' त्यांनीच केला होता. पुढे 'बसंत बहार' केला आणि 'गुमनाम'नंतर 'पत्थर के सनम'. जगापासून तुटलेल्या माणसांत घडणारा खून हा हिंदी पडद्यावरचा सगळ्यात गाजलेला खेळ एका मराठी दिग्दर्शकानं मांडला आणि त्याची नायिकाही मराठी होती. मग मराठी पडद्यानं हा खेळ किती खेळला? आणि जेव्हा खेळला, तेव्हा त्यात आपलं काय घातलं?

आजचा विषय हाच. तुटलेल्या, कोंडलेल्या माणसांचे खूनपट. चार गोष्टी क्रमानं पाहू. दार कसं बंद होतं? संशय आधी कुणावर जातो? चेहऱ्यावर विश्वास का बसतो? आणि न्याय कोण करतं? शेवटी खारघरला येऊ, कारण या विषयाचं खारघरशी नातं वरवर दिसतं त्याहून जवळचं आहे. आणखी एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी. ज्या चित्रपटांत खुनी शोधायचा आहे, त्यांचा शेवट इथे फोडला जाणार नाही. हा या कथाप्रकाराचा शिष्टाचार आहे. लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ ला ॲगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' सुरू झालं. करोनाच्या साथीत नाट्यगृहं बंद पडली, तो काळ सोडला तर ते आजतागायत चालू आहे. तिथे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. सत्तर वर्षं माणसं ती पाळत आली आहेत.

तर पहिली गोष्ट, दार.

या कथाप्रकाराची पहिली अट म्हणजे बाहेरून कुणी येता कामा नये आणि आतून कुणी जाता कामा नये. ही अट लेखकांनी किती तऱ्हांनी पाळली! ख्रिस्तीच्या १९३९ सालच्या 'अँड देन देअर वेअर नन' या कादंबरीत इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळचं बेट आहे. 'माउसट्रॅप'मध्ये बर्फानं वेढलेलं अतिथिगृह आहे आणि तुटलेली टेलिफोनची तार. १९३४ सालच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये बर्फात अडकलेली आगगाडी आहे. ही आगगाडी काही निव्वळ कल्पना नव्हती. १९२९ साली खरीखुरी ओरिएंट एक्स्प्रेस तुर्कस्तानात बर्फात रुतून काही दिवस अडकली होती. त्या बातमीतून ख्रिस्तीला कादंबरीची जागा मिळाली आणि १९७४ साली सिडनी ल्युमेट यांनी तिच्यावर चित्रपट केला.

दार बंद करायचं कशासाठी? एक कारण सोयीचं आहे. बाहेरचा चोर, दरोडेखोर, वाटसरू असे सगळे बाद होतात. खुनी आपल्यातलाच आहे, हे पहिल्या अर्ध्या तासात पक्कं होतं. पोलिस नाहीत, प्रयोगशाळा नाही, बोटांचे ठसे तपासणारं कुणी नाही. उरतं ते फक्त निरीक्षण आणि बोलणं. कोण कुठे होतं, कुणी काय पाहिलं, कोण गप्प बसलं. म्हणजे हा कथाप्रकार मुळातच संवादाचा, चेहऱ्यांचा आणि खोलीतल्या अंतरांचा आहे. पैसा कमी लागतो, पात्रं मोजकी लागतात. ज्या भाषेची नाटकाची परंपरा इतकी घसघशीत आहे, त्या मराठीला हा प्रकार किती जवळचा वाटायला हवा!

दुसरं कारण खोलवरचं आहे. दार बंद झालं की हुद्दे गळून पडतात. न्यायाधीश, डॉक्टर, सेनाधिकारी, शिक्षिका, नोकर सगळे एका पातळीवर येतात, कारण मरण कुणालाही येऊ शकतं. बाहेरच्या जगात ज्या माणसाला दारातूनच परत पाठवलं असतं, त्याच्याच हातचा चहा प्यावा लागतो. आणि तो चहा पिताना हात थरथरतो.

आपल्या चित्रपटांनीही दारं बंद केली. १९६९ सालच्या यश चोप्रांच्या 'इत्तेफाक'मध्ये पावसाळी रात्र आहे, एक घर आहे, त्यात एकटी बाई आणि पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला, मनोरुग्णालयातून पळालेला चित्रकार. या चित्रपटात एकही गाणं नाही. त्या काळी हे धाडस होतं आणि ते आलं रंगभूमीवरून, कारण मूळ कथा 'धुम्मस' या गुजराती नाटकाची. १९८५ साली विधु विनोद चोप्रांनी 'खामोश'मध्ये काश्मीरातल्या पहलगामला चित्रीकरणासाठी गेलेलं एक युनिटच कोंडून घातलं. रामगोपाल वर्मांनी १९९९ साली 'कौन'मध्ये ऊर्मिला मातोंडकर, मनोज बाजपेयी आणि सुशांत सिंग अशी अवघी तीन माणसं घेतली, एक घर घेतलं, बाहेर धो धो पाऊस ठेवला आणि टीव्हीवर मोकाट फिरणाऱ्या खुन्याची बातमी लावून दिली.

इथे एक लक्षात घ्या. इंग्रजांचं दार बर्फ बंद करतं, आपलं दार पाऊस बंद करतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत निसर्ग आपल्याला फुकटात बंद खोली देतो, आणि ती कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या माणसाइतकी कुणाला ठाऊक असणार?

आता दुसरी गोष्ट, संशय.

पहिलं प्रेत पडतं आणि खोलीतल्या नजरा फिरतात. कुणाकडे? नीट पाहिलंत तर त्या नजरा बहुतेक वेळा सारख्याच दिशेला जातात. नोकराकडे. परक्याकडे. वेडसर म्हणून बाजूला टाकलेल्याकडे. एकट्या बाईकडे. ज्याच्या बाजूनं बोलायला खोलीत कुणी नाही, त्याच्याकडे. 'गुमनाम'मधला मेहमूदचा खानसामा आठवा. वेगळी बोली, सावळा रंग, अवेळी हसणं. चित्रपट त्याच्यावर प्रेक्षकांना हसवतो आणि त्याच्याचकडे संशयानं बघायलाही लावतो. त्या माणसाला आपल्या रंगाबद्दल एक अख्खं गाणं गावं लागतं. गाणं प्रचंड गाजलं, पण आज ते ऐकताना प्रश्न पडतो की या माणसावर स्वतःच्या रंगाची बाजू मांडायची वेळ का यावी?

हे फक्त पडद्यावर होत असतं तर ते दिग्दर्शकाची युक्ती म्हणून सोडून देता आलं असतं. पण २००८ साल आठवा. नोएडातल्या एका सदनिकेत एका शाळकरी मुलीचा खून झाला. घरातला नोकर दिसत नव्हता, म्हणून संशय तत्काळ त्याच्यावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्याचं प्रेत सापडलं. ज्याला खुनी ठरवलं, तो स्वतः खुनाचा बळी होता, आणि गच्चीचं दार उघडून बघायला एक दिवस लागला. मेघना गुलजार यांनी २०१५ साली 'तलवार' हा चित्रपट या प्रकरणावर बेतला. एकच घटना वेगवेगळ्या तपासांत किती निरनिराळी दिसते, ते त्यांनी एकापाठोपाठ एक मांडलं. नोएडाही नियोजित शहर आहे. खारघरही नियोजित शहर आहे.

चांगला लेखक या सवयीचा उपयोग उलटा करतो. रोनाल्ड नॉक्स या ब्रिटिश धर्मगुरूनं १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम लिहून ठेवले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा आणि भुयारी वाट एकाहून जास्त असू नये, हे त्यातले दोन. या नियमांमागचा विचार सचोटीचा आहे. वाचकाला जेवढं ठाऊक, तेवढ्यावर त्याला खुनी ओळखता आला पाहिजे. आणि एवढी सचोटी पाळूनही वाचक चुकतो, तो बहुधा स्वतःच्या पूर्वग्रहामुळे. माहिती समोर असते, पण आपण भलतीकडे पाहत असतो. म्हणून उत्तम खूनपट संपल्यावर प्रेक्षकानं स्वतःला विचारायला हवं, की आपण आधी कुणावर बोट ठेवलं आणि का?

सत्यजित राय यांच्या 'चिडियाखाना'चं नाव इथे घ्यायलाच हवं. १९६७ सालचा हा बंगाली चित्रपट, त्यात उत्तमकुमार रहस्यशोधक ब्योमकेश बक्षी झाले होते. एक निवृत्त न्यायाधीश शहराबाहेर एक वसाहत उभी करतो. तिथे बागकाम चालतं, गाईगुरं आहेत, आणि राहतात ती समाजानं टाकलेली माणसं. परवाना गमावलेला एक डॉक्टर आहे, रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक आहे, पूर्वायुष्यात डाग लागलेले आणखी काहीजण आहेत. इथे संशय घ्यायचा तरी कुणावर? सगळेच संशयित. म्हणजे आपली पहिलं बोट दाखवायची सवय इथे कामालाच येत नाही. या चित्रपटासाठी राय यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता यातलं महाराष्ट्राचं नातं ऐका. मूळ कादंबरीचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय 'बॉम्बे टॉकीज'मध्ये पटकथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२ मध्ये चित्रपटसृष्टी सोडून पुण्यात स्थायिक झाले. 'चिडियाखाना' ही कादंबरी त्यानंतरची. शिवकाळातल्या एका मुलाच्या साहसकथाही त्यांनी बंगालीत लिहिल्या. बंगालच्या लाडक्या सत्यान्वेषी ब्योमकेशच्या कितीतरी कथा पुण्याच्या हवेत लिहिल्या गेल्या, आणि पुण्यातल्या वाचकाला त्याची पुरेशी कल्पना नाही.

तिसरी गोष्ट, चेहरा.

कोंडलेल्या गटाच्या चित्रपटात नटांची निवड हा अर्धा तपास असतो. कारण प्रेक्षक पात्राकडे पाहत नाही, तो नटाच्या आजवरच्या भूमिकांकडे पाहतो. प्राण पडद्यावर आले की १९६५ साली प्रेक्षागृहात अंगावर काटा यायचा. मग 'गुमनाम'मध्ये प्राण दिसताच प्रेक्षक काय ठरवून टाकणार? आणि नंदा दिसताच काय?

नंदा यांच्याकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कोल्हापुरात १९३९ साली जन्म. मास्टर विनायकांची कन्या. वडील लवकर गेले, घरासाठी लहानपणीच कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं. १९५९ साली 'छोटी बहन' आला आणि साऱ्या देशानं त्यांना धाकटी बहीण करून टाकलं. भोळा, निष्पाप, रडवेला चेहरा. या चेहऱ्याचं भांडवल दोन दिग्दर्शकांनी केलं. 'गुमनाम'मध्ये राजा नवाथ्यांनी त्यांना मरणाच्या छायेत फिरणाऱ्या गटाच्या मध्यभागी ठेवलं. आणि चारच वर्षांनी 'इत्तेफाक'मध्ये यश चोप्रांनी त्यांना एका घरात एका अनोळखी, अस्वस्थ पुरुषासमोर एकटं उभं केलं. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर रेंगाळतो. त्या घाबरल्यात, हे दिसतं. पण कशाला घाबरल्यात? एवढा एक प्रश्न त्या डोळ्यांत तास-दीड तास टिकवणं सोपं नाही. नाच नाही, गाणं नाही, अंगावर साधी साडी आणि एका रात्रीची गोष्ट. मराठी नटीच्या कारकिर्दीतलं हे काम आपल्याकडे जेवढं गौरवलं जायला हवं होतं, तेवढं ते गौरवलं गेलेलं नाही. आपण 'छोटी बहन'वरच थांबलो.

'खामोश'नं हाच डाव एक पाऊल पुढे नेला. त्यात अमोल पालेकर, शबाना आझमी आणि सोनी राझदान आपापल्याच नावानं वावरतात. अमोल पालेकर म्हणजे बसची वाट पाहणारा, शर्टाचं वरचं बटण लावणारा मध्यमवर्गीय नायक, हे समीकरण तेव्हा ताजं होतं. पडद्यावर तेच नाव, तोच चेहरा, पण आता भोवती एक प्रेत आणि शंभर प्रश्न. सदाशिव अमरापूरकरही त्याच युनिटमध्ये आहेत. या चित्रपटातला कोंडलेला गट म्हणजे आपल्या ओळखीचे नट आहेत, आणि ओळखीचा माणूस आपल्याला कितपत ठाऊक असतो, याची तपासणी तो चित्रपट करतो.

आणि मराठी पडदा? इथे अभिमानानं सांगावं असं एक नाव आहे. चंद्रकांत कुलकर्णींचा 'बिनधास्त', १९९९. शर्वरी जमेनीस आणि गौतमी गाडगीळ यांच्या दोन जिवलग मैत्रिणी, एक खून आणि मागावर असलेली महिला पोलिस अधिकारी. पडद्यावर जवळपास सगळ्या बायकाच. मराठीत यापूर्वी कुणी असं केलं होतं? बेट नाही, बर्फ नाही, पण पुरुष पात्रं काढून टाकताच एक वेगळंच वेढलेलं जग तयार झालं. नायिकेला वाचवायला कुणी नायक येणार नाही, हे प्रेक्षकाला कळलं आणि भीती खरी झाली. पुढच्याच वर्षी प्रियदर्शन यांनी त्यावरून तमिळमध्ये 'स्नेगिदिये' केला. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'वरून राज खोसलांचा 'मेरा साया' झाला, हे आपण कौतुकानं सांगतो. 'बिनधास्त' दक्षिणेत गेला, हेही तितक्याच कौतुकानं सांगायला हवं.

दूरचित्रवाणीनंही हा वारसा सांभाळला. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं घर, नाईक कुटुंब, मालवणी बोली, जमिनीचे आणि जुन्या पापांचे हिशेब. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, असे आक्षेप तिच्यावर घेतले गेले आणि त्यांत विचार करण्यासारखं नक्की होतं. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. अंगणात तुळस, माजघरात कुजबुज, शहरातून आलेला भाऊ आणि गावात राहिलेला भाऊ यांच्यातली न बोललेली तेढ, एवढ्या सामग्रीवर सबंध महाराष्ट्र रात्री साडेदहाला जागा राहिला. जपानमध्ये सेइशी योकोमिझो या लेखकानं हेच केलं होतं. इंग्रजी वळणाची रहस्यकथा त्यानं जपानी खेड्यातल्या जुन्या घराण्यांत, वारसाहक्काच्या भांडणांत रुजवली. १९७६ साली कोन इचिकावा यांनी त्याच्या इनुगामी कुटुंबावरच्या कादंबरीचा चित्रपट केला आणि तो तिथे तुफान चालला. मृत्युपत्र, तीन वारस आणि घराण्याचं झाकलेलं पाप. कोकणातल्या माणसाला यातलं काय परकं आहे?

चौथी गोष्ट, न्याय. इथे थोडं थांबू या, कारण सगळ्यात महत्त्वाचं ते इथे आहे.

ख्रिस्तीच्या त्या बेटावर पहिल्याच संध्याकाळी एक ग्रामोफोन वाजतो. तबकडीवरचा आवाज एकेकाचं नाव घेतो आणि आरोप वाचतो. तुझ्यामुळे अमुक मेला, तुझ्यामुळे तमुक. सगळे गुन्हे असे की कायद्याच्या हातात सापडणार नाहीत. डॉक्टरनं नशेत केलेली शस्त्रक्रिया आहे, मालकिणीनं घराबाहेर काढलेली मोलकरीण आहे. एकानं तर आफ्रिकेत आपल्याबरोबरच्या एकवीस स्थानिक माणसांना उपाशी मरायला सोडून पळ काढला होता आणि ते सांगताना त्याला लाजही वाटत नाही. म्हणजे कादंबरीत खून दहा नाहीत. खून आधीच होऊन गेलेले आहेत. बेट फक्त त्यांचा निवाडा करतं. १९४३ साली याचं नाटक करताना ख्रिस्तीनं स्वतःच शेवट बदलला आणि १९४५ सालच्या रेने क्लेअर यांच्या चित्रपटानं तोच बदललेला शेवट घेतला. १९८७ साली सोव्हिएत दिग्दर्शक गोवोरुखिन यांनी मात्र कादंबरीचा मूळ, कठोर शेवट पडद्यावर ठेवला. दोन्ही जरूर पाहा. शेवट बदलला की न्यायाची कल्पनाच कशी बदलते, ते समजेल.

'माउसट्रॅप'च्या मुळाशीही एक खरी वेदना आहे. १९४५ साली इंग्लंडमध्ये एका शेतघरात सांभाळायला दिलेला एक मुलगा छळानं मेला. त्या प्रकरणानं तो देश हादरला होता. ख्रिस्तीनं आधी त्यावरून नभोनाट्य लिहिलं आणि मग हे नाटक. मुलांना कुणाच्या हाती सोपवलं, याची चौकशी समाजानं वेळेवर केली नाही, म्हणून ती बर्फातल्या अतिथिगृहात होते.

आणि आता विजय तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक रंगायन या नाट्यसंस्थेनं १९६७ साली रंगभूमीवर आणलं. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला. त्यात सुलभा देशपांडे होत्या आणि छायालेखन गोविंद निहलानींचं. कुणी म्हणेल, हा कुठे खूनपट? जरा आठवा.

मुंबईची एक हौशी नाटकमंडळी एका गावात आली आहे. रात्री प्रयोग, त्याआधी रिकाम्या सभागृहात वेळ घालवायचा आहे. गंमत म्हणून लुटुपुटीचा खटला उभा राहतो आणि आरोपी केलं जातं लीला बेणारेला. आरोप भ्रूणहत्येचा. त्या सभागृहाच्या दाराची कडी अशी आहे की नीट सरकवली नाही तर दार बाहेरून अडकतं. सुरुवातीलाच हे सांगितलं जातं, कारण त्या कडीत बेणारेचं बोट चेमटलेलं असतं. पुढे खेळ अंगाशी येतो आणि ती निघून जायला दाराकडे धावते, तेव्हा दार खरंच बाहेरून लागलेलं असतं. एका साध्या कडीनं तेंडुलकरांनी बेटाचं काम केलं!

मग साक्षीपुरावे. गावातला भोळा सामंत साक्षीदार होतो आणि हातातल्या एका कादंबरीतला मजकूरच साक्ष म्हणून सांगत जातो. सगळ्यांना ठाऊक आहे की हे पुस्तकातलं आहे. तरी ते चिकटतं. कारण ते बेणारेला लागू पडतंय, असं गटानं आधीच ठरवलेलं असतं. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे वकील, पोंक्षे, कर्णिक, रोकडे. प्रत्येकाच्या मनात आपापलं अपयश आहे आणि ते झाकायला एक आरोपी हवा आहे. ज्याच्यामुळे बेणारेवर ही वेळ आली, ते प्राध्यापक दामले तर तिथे आलेलेच नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी आहे, आणि त्यांना कुणी आरोपी करत नाही.

निकाल काय लागतो? जिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, तिच्याच पोटातला गर्भ नष्ट करावा, असा. हे फार भयंकर आहे. इतर सगळ्या चित्रपटांत खून आधी होतो आणि मग गट खुनी शोधतो. इथे गट आधी आरोपी शोधतो आणि खुनाचा हुकूम नंतर देतो. इथे खुनी शोधायची गरजच नाही, तो समोर अर्धवर्तुळात बसला आहे, चांगले कपडे घालून, कायद्याची भाषा बोलत. जगभरच्या बंद खोलीच्या कथांत मराठीनं घातलेली भर विचाराल तर ती ही. इंग्रजी परंपरा विचारते, तुमच्यातला खुनी कोण? तेंडुलकर विचारतात, तुम्ही सगळे मिळून कोण?

श्रोतेहो, आता खारघर.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथे खाडी, भातशेती, मिठागरं आणि खारघर, कोपरा, ओवे, मुर्बी अशी गावं होती. सिडकोनं सेक्टर आखले. साताऱ्याहून, सोलापूरहून, केरळातून, बिहारमधून माणसं आली आणि एकेका इमारतीत शेजारी म्हणून राहू लागली. फाटकावर चौकीदार, वहीत नोंद, मोबाइलवर परवानगी, जिन्यात कॅमेरा. ही व्यवस्था सुरक्षेसाठी आहे आणि तिची गरजही आहे. पण फाटक आहे म्हणजे एक गट आत आहे आणि उरलेलं जग बाहेर. मग सोसायटीत एखादी सायकल चोरीला गेली, की गटाच्या मोबाइल संदेशांत पहिलं नाव कुणाचं येतं? घरकाम करणाऱ्या मावशींचं. पार्सल आणणाऱ्या पोराचं. भाड्यानं राहणाऱ्या अविवाहित मुलांचं. सामंताच्या हातातली ती कादंबरी आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तीही साक्ष म्हणून वाचली जाते. ज्यांना नोकरीवरून एका संध्याकाळीत काढलं जातं, त्यांचं म्हणणं कुठल्या इतिवृत्तात लिहिलं जातं?

पण न्याय्य राहायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. माणसं खरोखर अडकतात, तेव्हा ती कशी वागतात? २६ जुलै २०१९ ची रात्र. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. चहूबाजूंनी पाणी, आत सुमारे १०५० माणसं. त्यांत गरोदर बायका होत्या, म्हातारीकोतारी होती, तान्ही मुलं होती. आपली ओरिएंट एक्स्प्रेसच म्हणा. दुसऱ्या दिवशी आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आली, आसपासचे गावकरी मदतीला धावले आणि सगळे सुखरूप बाहेर आले. खुद्द खारघरच्या डोंगरात जुलै २०२१ मध्ये ओढ्याला अचानक पाणी वाढलं आणि सहलीला गेलेली शंभरावर माणसं पलीकडे अडकली. अग्निशमन दलानं शिड्या आणि दोर लावून त्यांना अलीकडे आणलं. परक्या माणसानं परक्या माणसाचा हात धरला, पोरं खांद्यावरून पलीकडे गेली. तिथे कुणी कुणाला जात विचारली नाही, सेक्टर विचारला नाही.

म्हणजे कोंडलेला गट आपोआप विषारी होत नाही. तो विषारी होतो, जेव्हा आत शिरताना प्रत्येकानं काहीतरी लपवून आणलेलं असतं आणि ते दुसऱ्याच्या माथी मारण्याची सोय असते. चांगला खूनपट ही सोय उघडी पाडतो. म्हणून तो नुसता वेळ घालवण्याचा खेळ म्हणून पाहू नये.

आतापर्यंतच्या मांडणीचं सार असं: बंद दार हुद्दे काढून घेतं, संशय गटाचा पूर्वग्रह दाखवतो, चेहरा प्रेक्षकाचा पूर्वग्रह दाखवतो आणि न्यायाचा प्रश्न शेवटी गटालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. या चारही गोष्टींची सामग्री मराठी जीवनात भरपूर आहे. ससून डॉकहून आठ-दहा दिवसांसाठी समुद्रात गेलेली मच्छीमारांची बोट, तिच्यावरचा तांडेल आणि खलाशी. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात आलेली, मुकादमाच्या उचलीत अडकलेली ऊसतोड कामगारांची टोळी, गावाबाहेर फडाशेजारी पाल ठोकून राहिलेली. डोंगरातली निवासी आश्रमशाळा, पावसाळ्यात रस्ता तुटलेली. दरडीमुळे घाटात रात्रभर थांबलेली एसटी. यातल्या प्रत्येक जागेत एक बंद दार आहे, एक सत्ता आहे आणि ज्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही असा एक माणूस आहे. यांच्यावर मराठीत किती खूनपट झाले?

इथे समोर बसलेली तरुण मुलं-मुली आहेत. त्यातली काही पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात एकांकिका करतात, काही मोबाइलवर लघुपट करतात. त्यांच्यासाठी हा कथाप्रकार हाताशी आहे. एक खोली, सहा माणसं, पाऊण तास. परदेशी बंगला उभारायची गरज नाही, सोसायटीचं कार्यालय पुरे. पण लिहायला बसण्याआधी एक काम करा. गटातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाची बाजू आधी लिहून काढा. त्या रात्री तो कुठे होता, त्यानं काय पाहिलं, तो गप्प का बसला. ती बाजू पक्की झाल्यावरच खुनी ठरवा. आणि पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेच्या एखाद्या संध्याकाळी भाषणाऐवजी ती एकांकिका इथे होऊ द्या. कार्यकर्त्यांनी तेवढा विचार जरूर करावा, ही त्यांना विनंती.

आता प्रश्नोत्तरांकडे वळू. प्रश्न विचारताना 'इत्तेफाक'चा आणि 'खामोश'चा शेवट कुणी फोडू नये. शेजारच्या खुर्चीतल्यानं ते अजून पाहिलेले नसतील.